फार्न बेटांवर पक्षी पाहायला जाताय? या चुका टाळा

मे-जूनमध्ये फार्न बेटांवर जाऊन पक्षी दिसले नाहीत, अशी तक्रार सहसा ऐकू येत नाही. तक्रारी वेगळ्याच असतात. बोटीने नुसती चक्कर मारून आणले, बेटावर उतरवलेच नाही. आईच्या डोक्यातून रक्त आले. ऑगस्टमध्ये गेलो तर कडे रिकामे होते. यातली एकही गोष्ट नशिबावर ढकलण्यासारखी नाही.

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, नॉर्थम्बरलंडमधल्या सीहाउसेस बंदरातून या बेटांच्या बोटी सुटतात. न्यूकॅसलहून गाडीने साधारण सव्वा तास, एडिनबरोहून दोन तासांच्या आसपास. त्यामुळे उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन इथे येणारी मराठी कुटुंबेही दिसतात. रंगीत चोचीच्या पफिन या समुद्रपक्ष्याच्याच सुमारे ५० हजार जोड्या इथे वीण करतात. मात्र इनर फार्न या मुख्य बेटावर पाय ठेवायला मिळतो तो जेमतेम तासभर. पुढच्या बहुतेक चुका त्या तासालाच कात्री लावतात.

शाळेच्या सुट्टीवर बेत बांधणे

इंग्लंडमधल्या शाळांना मोठी सुट्टी लागते जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि नेमके तेव्हाच पक्षी बेट सोडत असतात. गिलेमॉट या कड्यांवर वीण करणाऱ्या समुद्रपक्ष्याची पिल्ले तीनेक आठवड्यांची झाली की उडता येत नसतानाही कड्यावरून समुद्रात उडी घेतात आणि बापाबरोबर पोहत निघून जातात. त्यामुळे जुलैच्या मध्यापर्यंत कडे ओस पडू लागतात. पफिन महिनाअखेरपर्यंत टिकतात. ऑगस्टमध्ये उरतात ते विष्ठेने पांढरे झालेले खडक, काही किटिवेक जातीचे कुरव (गल पक्षी) आणि सील.

मेच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ धरा. चोचीत मासे धरलेला पफिन पाहायचा असेल तर जूनचा पहिला आठवडा उलटल्यावर या, कारण पिल्ले बिळात आल्याशिवाय मासे आणण्याचे कारणच नसते. इंग्लंडच्या शाळेला मूल असेल तर मेअखेरची आठवड्याची सुट्टी उत्तम. स्कॉटलंडच्या शाळा जूनअखेर बंद होतात, म्हणून एडिनबरो-ग्लासगोकडच्यांना जुलैचा पहिला आठवडाही सापडतो.

तिकीट कशाचे काढले, हे न पाहणे

बंदरावर एकापेक्षा जास्त बोटवाले आहेत आणि प्रत्येकाकडे किमान दोन प्रकारच्या फेऱ्या असतात. एक दीड तासाची, बेटांभोवती फिरवून परत आणणारी. दुसरी अडीच ते तीन तासांची, बेटावर उतरवणारी. पहिली स्वस्त आणि तिची तिकिटे सहज मिळतात, त्यामुळे घाईत तीच घेतली जाते. बुकिंग करताना ‘उतरण्यासह’ असे स्पष्ट लिहिलेले आहे का ते पाहा. नसेल तर फोन करून विचारा.

दुसरा घोळ पैशांचा. बेटे १९२५ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहेत आणि उतरण्याचे शुल्क ट्रस्टचे असते. ते बोटभाड्यात धरलेले आहे असे समजू नका. ट्रस्टच्या सदस्यांना ते माफ असते, पण कार्ड दाखवावे लागते. कार्ड घरी राहिले की चौघांचे शुल्क भरून मगच पुढे. कोणते बेट उतरण्यासाठी खुले आहे हेही दरवर्षी तपासा, जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका. बर्ड फ्लूमुळे २०२२ च्या जुलैपासून उतरणे बंद होते, २०२३ चा अख्खा हंगाम तसाच गेला आणि २०२४ च्या मार्चमध्ये इनर फार्न पुन्हा खुले झाले.

जून आणि बँक हॉलिडेच्या (सार्वजनिक सुट्टीच्या) शनिवार-रविवारची तिकिटे आधीच संपतात. गाडीने येत असाल तर बोटीच्या वेळेआधी पाऊण तास सीहाउसेसमध्ये असा, कारण सुट्टीच्या दिवशी वाहनतळ सकाळीच भरतो. चॅटहिल हे जवळचे स्टेशन नकाशावर मोहात पाडते, पण तिथे दिवसाला मोजक्याच गाड्या थांबतात आणि रविवारी एकही नाही. बर्विक किंवा आल्नमथला उतरून एक्स-१८ बस पकडा, आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी पाहून ठेवा.

शहराचे हवामान पाहून निघणे

न्यूकॅसलला लख्ख ऊन आहे, मग बोट रद्द का? कारण बोटीला उन्हाशी देणेघेणे नसते. पश्चिमेचा वारा जमिनीवरून येतो, त्याने किनाऱ्याजवळ मोठी लाट उठत नाही. वारा उत्तरेचा किंवा पूर्वेचा झाला की लांबून आलेल्या लाटा थेट बेटावर आपटतात. अशा वेळी बोट निघते, बेटापर्यंत जाते, पण धक्क्याला लावता येत नाही. लाट तर आदल्या दिवशीचा वारा पडल्यावरही राहते.

मेट ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याचा, किनाऱ्यालगतच्या समुद्राचा अंदाज उघडा आणि ‘बर्विक-अपॉन-ट्वीड ते व्हिटबी’ हा पट्टा वाचा. वारा ‘बोफर्ट’ या वाऱ्याच्या मापावर ४ पर्यंत, म्हणजे १६ नॉटच्या आत, आणि समुद्र ‘स्लाइट’ असेल, म्हणजे लाटा सव्वा मीटरच्या आत, तर उतरायला मिळण्याची आशा चांगली. त्यावरची पायरी ‘मॉडरेट’ दिसली की बोटवाल्याला सकाळी फोन कराच. मे-जूनमध्ये पूर्वेच्या वाऱ्याबरोबर दाट धुके किनाऱ्यावर सरकते, पाच मैल आत मात्र ऊन असते. उतरवायचे की नाही हे कप्तान जागेवर ठरवतो, त्याच्याशी हुज्जत घालून काही होत नाही. शक्य असेल तर बोट पहिल्या दिवशीची घ्या आणि मुक्काम एक रात्र वाढवा. रद्द झाली तर दुसरा दिवस हाताशी राहतो.

मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेणे

उशीर झालेला असतो. स्टुजेरॉनसारखी गोळी निघण्याच्या दोन तास आधी पोटात हवी. तिने झोप येते, म्हणून परत गाडी चालवणाऱ्याने आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असलेल्या ज्येष्ठांनी आधी फार्मसिस्टला विचारावे. उपाशीपोटी जाऊ नका. कोरडी पोळी, दोन बिस्किटे, खिशात आलेपाक. बोटीत मागे, मध्यभागी बसा आणि क्षितिजाकडे पाहा. हलत्या बोटीत दुर्बिणीला डोळे लावून बसणारा सगळ्यात आधी आडवा होतो.

डोके उघडे ठेवणे

इनर फार्नच्या धक्क्यावरून वर चढले की सेंट कथबर्टच्या चॅपेलचे छोटे आवार लागते. त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, कधी थेट वाटेवरच, आर्क्टिक टर्न अंडी घालतात. टर्न म्हणजे आपल्याकडच्या सुरय पक्ष्यांचे भाऊबंद. हे अंटार्क्टिकाच्या बाजूने येतात. इथल्याच एका टर्नच्या पायाला लावलेल्या यंत्राने २०१५-१६ मध्ये त्याच्या वर्षभराच्या प्रवासाचे ९६ हजार किलोमीटर मोजले होते. इतक्या लांबून येऊन उघड्या जमिनीवर संसार मांडायचा आणि राखणीला हत्यार काय, तर चोच. ती ते बिनदिक्कत वापरतात. आधी डोक्यावर फडफडत कर्कश ओरडणे, मग मागून सूर मारून टोच. टाळूला खोक पडते, रक्तही येते. साडीचा पदर, ओढणी किंवा जाकिटाची पातळ टोपी याला पुरत नाही.

कडक कापडाची, काठाची टोपी घाला आणि आत रुमालाची घडी ठेवा. टर्न नेहमी सर्वांत उंच टोकाला टोचतो, म्हणून पाण्याची बाटली किंवा हातमोजा घातलेला हात डोक्याच्या वर सरळ धरून चाला. हात हलवायचा नाही, पक्ष्याला हाकलायचे तर मुळीच नाही. याच नियमामुळे एक चूक फार महागात पडते: लहान मुलाला खांद्यावर किंवा पाठीवरच्या कॅरिअरमध्ये घेणे. मग सर्वांत उंच टोक म्हणजे त्या मुलाचे डोके. बाळ पुढे, छातीशी घ्या, त्यालाही टोपी घाला. चालत्या मुलांचा हात धरून त्यांना तुमच्या कडेला ठेवा.

पळू नका. पळताना नजर वर असते आणि पाय अंड्यावर पडतो. खडीच्या रंगाची, ठिपक्यांची ही अंडी दोन पावलांवरूनही नजरेतून सुटतात. फोटोसाठी घरट्याजवळ थांबलात की हल्ला वाढतो, म्हणून आवारातून एकसारख्या चालीने पुढे सरका. वर पाहताना तोंड मिटलेले असू द्या. शिंतोडे नुसते कपड्यांवर पडत नाहीत. छत्री आणू नका, ती वाऱ्याने उलटते आणि आजूबाजूची वसाहत उगाच उठते.

पहिल्या पफिनपाशीच वेळ घालवणे

उतरणाऱ्यांपैकी अर्धे लोक धक्क्याजवळच थबकतात आणि वीस मिनिटे जातात. आधी सरळ दीपगृहाकडे जा. त्यापलीकडच्या कड्यांवर गिलेमॉट, रेझरबिल, किटिवेक आणि शॅग हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळ बसलेले असतात. तिथे वीस-पंचवीस मिनिटे द्या, परतीच्या वाटेवर पफिन पाहा आणि दहा मिनिटे राखून धक्क्यावर या. जाताना चुकवलेले टर्न परतताना पुन्हा भेटणार, हे हिशेबात धरा.

पफिनच्या बाबतीत आणखी एक गडबड होते. चोचीत वाळूमाशांची जुडी घेतलेला पफिन डोक्यावरून घिरट्या घालतो, पुन्हा घालतो, उतरतच नाही. लोक कॅमेरे सरसावून वाट पाहत राहतात. तो उतरत नाही कारण त्याच्या बिळाच्या वाटेत तेच उभे असतात. जितका वेळ तो हवेत, तितकी कुरवांना ते मासे हिसकावण्याची संधी. दोन पावले बाजूला सरा, तो झपकन उतरून बिळात शिरेल. फळ्यांची वाट सोडून गवतावर पाय टाकू नका. खाली बिळे आहेत आणि माती भुसभुशीत आहे. भिंतीच्या आडोशाला तपकिरी आयडर बदकाची मादी अंड्यांवर निपचित बसलेली दिसली तर तिला उठवू नका. ती उठली की अंडी कुरवांच्या तोंडी.

भली मोठी लेन्स

पफिन वाटेपासून दोन-तीन मीटरवर असतो. सहाशे मिलिमीटरच्या अनेक लेन्स इतक्या जवळ फोकसच होत नाहीत. १००-४०० किंवा ७०-३०० पुरेशी, बसलेल्या पक्ष्याला मोबाइलही चालतो. उडत्या पफिनसाठी शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान, आणि पांढरी छाती जळू नये म्हणून एक्स्पोजर थोडे खाली. लेन्स बोटीत बदलू नका, तुषारांबरोबर मीठ आत जाते. दुर्बीण १०×४२ पेक्षा ८×४२ बरी.

ओळखीत होणाऱ्या गफलती

पफिन बदकाएवढा असेल असे समजून लोक शोधतात आणि पाण्यावरचे पन्नास पफिन नजरेआड करतात. तो पारव्यापेक्षाही लहान असतो, वजन साधारण ४०० ग्रॅम. गिलेमॉट चॉकलेटी, चोच बारीक टोकदार; रेझरबिल काळाकुट्ट, चोच जाड आणि तिच्यावर उभी पांढरी रेघ. डोळ्याभोवती पांढरा चष्मा असलेला गिलेमॉट वेगळी जात नव्हे, यादीत दोनदा लिहू नका. पाणकावळ्यासारखा दिसणारा, हिरवट झाक आणि कपाळ सरळ चढलेला तो शॅग. टर्नची चोच पाहा: पूर्ण लाल तर आर्क्टिक, लाल पण टोक काळे तर कॉमन, काळी पण टोक पिवळे तर सँडविच.

आईबाबांना पायऱ्यांबद्दल न सांगणे

बेटावर रॅम्प वगैरे गृहीत धरू नका. भरती-ओहोटीप्रमाणे पायऱ्यांची उंची बदलते, शेवाळ असते, बोट वरखाली होत असते. बोट वर आली की पाऊल टाकायचे आणि खलाशाचे मनगट धरायचे. तो सांगेपर्यंत उठायचे नाही. साडीऐवजी सलवार किंवा पँट, पायात पकड असलेले बंद बूट. जूनमध्येही समुद्रावर थंडी वाजते, तेव्हा स्वेटरवर वारा अडवणारे जाकीट हवेच. गुडघे दुखत असतील तर त्यांच्यासाठी न उतरणारी फेरीच घ्या. पाण्यावरचे पफिन, कड्यांवरची गर्दी आणि खडकांवर लोळणारे सील त्यातही दिसतात. बंदरावरच स्वच्छतागृहात जाऊन या. बेटावर खायला मिळेल या भरवशावर राहू नका.

बूट आदल्या दिवशी घासून धुवा, आणि जंतुनाशकाची चटई ठेवलेली असेल तर तिच्यावर नीट पाय घासा. २०२२ च्या साथीत इथून सहा हजारांहून जास्त मेलेले पक्षी उचलावे लागले होते. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, वनरक्षकाला सांगा.

बोट रद्द झाली म्हणून घरी परतणे

पैसे परत की दुसरी तारीख, हे काउंटरवरच ठरवून घ्या. मग सीहाउसेसच्याच बंदरात आयडर बदके पाहा, ती अगदी पायऱ्यांपर्यंत येतात. बीडनेल आणि लो न्यूटन यांच्या मधल्या लाँग नॅनीच्या वाळूवर आर्क्टिक आणि लिटल टर्नची वसाहत आहे. नॅशनल ट्रस्टचे रक्षक तिथे पहारा देतात आणि ठरवलेल्या जागेवरून ती पाहता येते. न्यूकॅसलकडे परतत असाल तर टाइन पुलाखाली थांबा. समुद्रापासून इतक्या आत किटिवेक जगात दुसरीकडे कुठेही वीण करत नाहीत. मार्च ते ऑगस्ट पुलाच्या मनोऱ्यांवर आणि कडांवर त्यांची घरटी असतात, आणि त्यांना पाहायला तिकीट लागत नाही.