जुन्या बास्केटबॉल सामन्यांचे आकडे उतरवताना या चुका टाळा

१ नोव्हेंबर १९४६, टोरंटोचं मेपल लीफ गार्डन्स. बीएए (बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका) नावाच्या नव्या लीगचा पहिला सामना. हीच लीग १९४९ मध्ये एनबीएल या दुसऱ्या लीगमध्ये मिसळली आणि आजची एनबीए झाली, म्हणून एनबीए आपला इतिहास या सामन्यापासून मोजते. निकाल: न्यूयॉर्क निकरबॉकर्स ६८, टोरंटो हस्कीज ६६. हस्कीजचा खेळाडू-प्रशिक्षक एड सॅडोव्स्कीने सर्वाधिक १८ गुण केले.

त्याने रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू, किती घेतले?

एक्सेलमध्ये त्या रकान्यात शून्य टाकलंत तर फसलात. सहा फुटांहून बराच उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारा), अर्ध्याहून जास्त सामना बास्केटखाली उभा, आणि एकही चेंडू हाती लागला नाही? रिबाउंड त्याने घेतलेच असणार, मोजले कुणी नाहीत. लीगने रिबाउंड मोजायला १९५०-५१ च्या मोसमात सुरुवात केली, खेळाडूची मिनिटं १९५१-५२ पासून. स्टील (हिसकावलेला चेंडू) आणि ब्लॉक (अडवलेला फटका) तर थेट १९७३-७४ मध्ये आले, म्हणजे फटके अडवण्यासाठी गाजलेला बिल रसेल निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी. त्याच्या नावापुढे ब्लॉक दिसत नाहीत ते यामुळे. तेव्हा जिथे नोंद नाही तिथे चौकट रिकामी सोडा किंवा आडवी रेघ मारा.

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि मिनियापोलिस लेकर्सचा नामांकित सेंटर जॉर्ज मायकनसारख्या माणसाच्या बाबतीत. बीएए आणि एनबीए मिळून त्याचे सामने ४३९, गुण १०,१५६, रिबाउंड ४,१६७. मी सरळ भागाकार केला: सामन्यामागे ९.५ रिबाउंड. बराच वेळ हा आकडा मला खटकला नाही. मग लक्षात आलं की त्याचे पहिले दोन मोसम, म्हणजे १२८ सामने, रिबाउंड मोजण्याच्या आधीचे. भाजक ३११ हवा होता. ४,१६७ भागिले ३११ म्हणजे १३.४. गुणांना मात्र ४३९ नेच भागायचं, कारण गुण पहिल्या दिवसापासून मोजलेले आहेत. एकाच खेळाडूसाठी दोन भाजक. सूत्र एका रकान्यातून दुसऱ्यात खाली ओढण्याची आपली सवय इथे घात करते.

मायकनच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. बीएएत येण्याआधीचे दोन मोसम तो एनबीएलमध्ये खेळला आणि दोन्ही वेळा त्याचा संघ विजेता ठरला. म्हणून कुठे त्याची सात विजेतेपदं दिसतात, कुठे पाच. दोन्ही बरोबर, पण कुठली लीग धरली ते लिहायला हवं. एनबीएलचा सामना ४० मिनिटांचा असे आणि बीएएचा ४८ मिनिटांचा, त्यामुळे दोन्हींच्या सरासरी एकाच रांगेत बसवू नयेत.

उतारा बरोबर झाला की नाही हे तपासायची सोपी युक्ती आहे. तीन गुणांची रेषा एनबीएत १९७९-८० मध्ये आली. त्याआधीच्या तक्त्यात बास्केट गुणिले दोन, अधिक फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारे एकेका गुणाचे फटके), हे उत्तर गुणांशी जुळलंच पाहिजे. १० फेब्रुवारी १९४९ ला फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या जो फल्क्सने एका सामन्यात ६३ गुण केले: २७ बास्केट, ९ फ्री थ्रो. ५४ अधिक ९, ६३. जुळलं. जुळत नसेल तर आधी रकाने तपासा. जुन्या वर्तमानपत्रांतल्या तक्त्यांत पहिला आकडा बहुतेकदा बास्केटचा असतो आणि घाईत तोच गुण म्हणून उतरवला जातो.

याच फल्क्सबद्दल ‘नेम वाईट होता’ असं वाचायला मिळतं, कारण १९४६-४७ मध्ये त्याचे जेमतेम ३०.५ टक्के फटके आत गेले. त्या मोसमात लीगची सरासरीच २८ टक्क्यांच्या आसपास होती आणि पहिला क्रमांक बॉब फीरिकचा, ४०.१ टक्क्यांचा. फल्क्सने सामन्यामागे २३.२ गुण केले, लीगमध्ये सर्वाधिक. असिस्टचंही, म्हणजे ज्यांवर लगेच बास्केट होते त्या पासांचंही, तसंच. त्या वर्षी अव्वल ठरलेल्या अर्नी कॅल्व्हर्लीचे सामन्यामागे ३.४. टेबलावर बसणारे नोंदणीस असिस्ट द्यायला तेव्हा फार चिक्कू होते. आज हात सैल आहे.

२२ नोव्हेंबर १९५० चा फोर्ट वेन पिस्टन्स १९, मिनियापोलिस लेकर्स १८ हा निकाल पाहून क्वार्टरचा आकडा चुकून पूर्ण सामन्याचा म्हणून लिहिलाय असं वाटतं. नाही, पूर्ण सामना तेवढ्याच गुणांचा. २४ सेकंदांत फटका मारायलाच लावणारं घड्याळ १९५४ मध्ये आलं, तोवर चेंडू धरून बसायला बंदी नव्हती. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे.

संघांची नावं सरसकट जोडू नका. टोरंटो हस्कीज एका मोसमात बंद पडले. रॅप्टर्स हा १९९५ चा वेगळा संघ. जुने बाल्टिमोर बुलेट्स १९५४ मध्ये संपले. नंतरचे, याच नावाचे बुलेट्स म्हणजे आजचे वॉशिंग्टन विझार्ड्स, त्यांचा जुन्यांशी संबंध नाही.

आणि तक्त्यातून गोष्ट रचण्याचा मोह. त्या पहिल्या सामन्यात सॅडोव्स्की तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच फाऊलची मर्यादा भरल्याने बाहेर गेला. सर्वाधिक गुण करणारा बाहेर, दोन गुणांनी पराभव, म्हणजे तिथेच सामना गेला असं कुणीही लिहून टाकेल. क्वार्टरचे आकडे मांडून बघा. न्यूयॉर्क १६, २१, ७, २४. टोरंटो १२, १७, १९, १८. ज्या क्वार्टरमध्ये तो बाहेर गेला, तोच हस्कीजने १९-७ असा जिंकला. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज नॉस्ट्रँडने संघाला आघाडीही मिळवून दिली. सामना निसटला तो चौथ्यात.