पावसाळ्यात गोठा, पोल्ट्री आणि खत: औषधांना न जुमानणाऱ्या एंटेरोकोकस जिवाणूंबाबत सल्ला

मृगाचा पाऊस झाला की गोठ्यात दगडीचे (कासेच्या सुजेचे) प्रमाण वाढते, पोल्ट्री शेडमधील गादी (तुसाचा थर) ओली राहू लागते आणि आडसाली उसासाठी किंवा खरीप कांद्यासाठी कोंबडीखताच्या ट्रॉल्या शेतात येतात. या तिन्ही ठिकाणी जनावरांची विष्ठा आणि प्रतिजैविके एकत्र येतात, आणि पावसाचे वाहते पाणी ती विहिरीपर्यंत व भाजीच्या वाफ्यापर्यंत पोहोचवते. एंटेरोकोकस या जिवाणूंचा प्रश्न रुग्णालयापुरता मानला जातो, तो तेवढाच नाही. जून ते सप्टेंबर या काळात पशुपालक आणि भाजीपाला उत्पादक यांनी त्याबाबत काय करावे, हे येथे सांगितले आहे.

एंटेरोकोकस हे माणूस, गाय, म्हैस, डुक्कर आणि कोंबडी यांच्या आतड्यात नेहमीच राहणारे जिवाणू आहेत. निरोगी शरीराला ते सहसा त्रास देत नाहीत. त्यांच्यातील एंटेरोकोकस फेकॅलिस आणि एंटेरोकोकस फेसियम या दोन जाती मात्र अतिदक्षता विभागातील, लघवीची नळी लावलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या रक्तात, मूत्रमार्गात आणि हृदयाच्या झडपांवर संसर्ग करतात. हे जिवाणू अतिशय चिवट असून साध्या कोरड्या पृष्ठभागावर ते पाच दिवसांपासून चार महिन्यांपर्यंत तग धरू शकतात, साडेसहा टक्के मिठाच्या पाण्यात वाढतात आणि ६० अंश सेल्सिअसला अर्धा तास टिकून राहतात. हा शेवटचा गुण खत करणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावा, कारण पुढील बराच सल्ला त्यावरच आधारलेला आहे.

व्हॅन्कोमायसिन हे १९५८ पासून वापरात असलेले औषध इतर औषधे हरल्यावरच काढायचे, असे डॉक्टर मानत आले. १९८६ च्या सुमारास युरोपातील रुग्णालयांत त्यालाही न जुमानणारे एंटेरोकोकस सापडले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नवीन औषधांची तातडीने गरज असलेल्या जिवाणूंची यादी केली, तेव्हा व्हॅन्कोमायसिनला प्रतिरोधक एंटेरोकोकस फेसियमला तिच्यात ‘उच्च प्राधान्य’ गटात ठेवले आणि २०२४ च्या सुधारित यादीतही त्याचे स्थान तेच राहिले.

याचा शेतीशी संबंध काय, हे डेन्मार्कच्या अनुभवावरून स्पष्ट होते. युरोपात कोंबड्या आणि डुकरे लवकर वजनदार व्हावीत म्हणून खाद्यात अ‍ॅव्होपार्सिन हे प्रतिजैविक मिसळले जात असे आणि ते व्हॅन्कोमायसिनच्याच कुळातले आहे. डेन्मार्कने १९९५ मध्ये त्यावर बंदी घातली. त्या वर्षी ब्रॉयलर कोंबड्यांमधून मिळालेल्या एंटेरोकोकस फेसियमपैकी सुमारे ७३ टक्के प्रतिरोधक होते, ते २००० पर्यंत सुमारे ६ टक्क्यांवर आले. डुकरांमध्ये मात्र बंदीनंतरही प्रमाण घटेना. त्याचे कारण असे निघाले की दोन वेगळ्या औषधांना रोखणारी जनुके जिवाणूंतील एकाच प्लाझ्मिडवर (डीएनएच्या छोट्या सुट्या तुकड्यावर) जोडीने बसली होती, आणि डुकरांच्या खाद्यात टायलोसिन हे दुसरे प्रतिजैविक चालू असल्यामुळे व्हॅन्कोमायसिनचा प्रतिरोधही जिवाणूंत टिकून राहत होता. १९९८ मध्ये टायलोसिनचा असा वापर थांबल्यावरच तेथेही घट झाली. म्हणून ‘आम्ही ते माणसांचे औषध वापरत नाही’ एवढ्यावर पशुपालकाने निर्धास्त राहू नये. फ्लोरफेनिकॉल हे प्रतिजैविक केवळ जनावरांना दिले जाते, परंतु त्याला रोखणारे ऑप्ट्रए हे जनुक लिनेझोलिडलाही रोखते, आणि व्हॅन्कोमायसिन निकामी ठरल्यावर डॉक्टरांच्या हाती उरणाऱ्या मोजक्या औषधांत लिनेझोलिड आहे.

गोठ्यापासून सुरुवात करू. पावसाळ्यात गाई चिखलात बसतात, शेणाचे पाणी सडांना लागते आणि कासेत शिरणाऱ्या जिवाणूंमध्ये एंटेरोकोकसही असतात. दगडी झाल्यावर औषध शोधण्यापेक्षा ती होऊ न देणे स्वस्त पडते. गाईची बसण्याची जागा उंच व निचऱ्याची ठेवावी. तेथे मुरूम किंवा जाड वाळू टाकावी आणि मूत्राच्या नालीला उतार द्यावा. धार काढण्यापूर्वी सड धुऊन कोरडे पुसावेत आणि एकाच फडक्याने सगळ्या गाईंची कास पुसू नये. धार संपल्यावर प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावा. सडाचे तोंड पूर्ण मिटायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे धार काढताच गव्हाणीत वैरण टाकावी, म्हणजे गाय तेवढा वेळ उभी राहते. आठवड्यातून एकदा चारही सडांची सीएमटी चाचणी (दुधात द्रावण मिसळून गोठ्यातच करायची दगडीची तपासणी) केल्यास दुधात गाठी दिसण्याआधीच सुप्त दगडी कळते.

दगडी झालीच तर पहिले इंजेक्शन कोणते द्यावे, हे औषध दुकानदाराने किंवा शेजाऱ्याने ठरवू नये. सेफ्ट्रियाक्सोन आणि त्या वर्गातील सेफालोस्पोरिन औषधे अनेक ठिकाणी सवयीने वापरली जातात. एंटेरोकोकस या वर्गाला जन्मतःच दाद देत नाहीत. औषधाने आतड्यातील इतर जिवाणू मरतात आणि मोकळी झालेली जागा एंटेरोकोकस व्यापतात. रुग्णालयातही हेच घडते, आणि सेफालोस्पोरिनच्या अतिवापराकडे तेथे याच कारणासाठी संशयाने पाहिले जाते. सौम्य दगडीत दूध वारंवार पिळून काढणे आणि सूज उतरवणारे औषध देणे पुरेसे आहे की प्रतिजैविकाची गरज आहे, याचा निर्णय पशुवैद्यकाने जनावर पाहूनच घ्यावा. प्रतिजैविक दिले तर मात्र सांगितलेली मात्रा सांगितलेल्या दिवसांपर्यंत द्यावी. पशुवैद्यक सहज मिळत नसल्यास १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची मदत मागता येते.

उपचार चालू असलेल्या गाईचे दूध डेअरीला घालू नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. चूक होते ती त्यानंतर. ते दूध वाया जाऊ नये म्हणून वासराला पाजले जाते. औषधाचा अल्प अंश रोज पोटात गेल्याने वासराच्या आतड्यात प्रतिरोधक जिवाणूंचीच निवड होत जाते आणि पुढे तीच कालवड कळपात येते. असे दूध गोठ्यापासून व विहिरीपासून दूर शोषखड्ड्यात टाकावे. किती दिवस थांबायचे, ते औषधाच्या लेबलवर लिहिलेले असते. एखाद्या औषधासाठी तो काळ शास्त्रीय चाचणीने ठरलेला नसेल, तर भारतीय औषध नियमांनुसार दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात.

ब्रॉयलर उत्पादकाने हा २८ दिवसांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. पक्षी साधारण चाळीस-बेचाळीस दिवसांत विक्रीला जातो. असे औषध पंधराव्या दिवशी दिले, तर थांबण्याचा काळ संपण्याआधीच लिफ्टिंग होते. पिल्ले उतरवल्यावर पहिले तीन-चार दिवस पाण्यातून प्रतिजैविक देण्याची पद्धत बहुधा भीतीपोटी चालते. ब्रूडिंगचे (पिल्लांना ऊब देण्याचे) तापमान, स्वच्छ पाणी आणि चांगल्या हॅचरीचे पिल्लू ही तीन कामे नीट असतील, तर तिची गरज सहसा पडत नाही. खाद्याच्या किंवा प्रीमिक्सच्या पोत्यावरील घटक वाचून घ्यावेत आणि ‘ग्रोथ प्रमोटर’ म्हणून प्रतिजैविक घातलेले पोते परत करावे. खाद्यासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांमध्ये कोलिस्टिनच्या वापरावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली आहे. जुना साठा कोणी ‘पचनाचे औषध’ म्हणून देऊ केला तरी घेऊ नये.

पावसाळ्यात पोल्ट्रीचे बहुतेक आजार ओल्या गादीतून सुरू होतात. गळणारे निपल आणि सांडणारे ड्रिंकर त्याच दिवशी दुरुस्त करावेत, पडद्यांतून पावसाचे फवारे आत येऊ देऊ नयेत, गादी रोज हलवावी, ढेकळे झालेले तूस उचलून बाहेर काढावे आणि त्या जागी कोरडे तूस व चुना टाकावा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर पक्षी पाय पुढे पसरून शेपटीवर बसू लागले आणि मरतुक वाढली, तर एंटेरोकोकस सेकोरम या जातीमुळे होणारा मणक्याचा आजार असू शकतो. अशा वेळी अंदाजाने पावडर पाजू नये, दोन-तीन आजारी पक्षी तपासणीसाठी न्यावेत. पिण्याचे पाणी क्लोरीनने शुद्ध करावे, परंतु पाण्यातून लस द्यायची असेल त्या दिवशी क्लोरीन बंद ठेवावे, नाहीतर लस वाया जाते.

आता खताकडे येऊ. सल्ल्याचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वाधिक दुर्लक्षितही आहे. जनावराला दिलेल्या प्रतिजैविकाचा मोठा हिस्सा शेण, मूत्र व विष्ठेतून न बदलता बाहेर पडतो, त्यामुळे ताज्या खतात प्रतिरोधक जिवाणू आणि त्यांना पोसणारे औषध दोन्ही असतात. उकिरड्यावर वर्षभर पडलेले शेण ‘कुजलेले’ दिसते, पण त्याच्या मध्यभागी उष्णता निर्माण झाली असली तरी कडा थंडच राहिलेल्या असतात. साध्या गोबरगॅस संयंत्रातील तापमानही हे जिवाणू खात्रीने मरतील इतके नसते, त्यामुळे स्लरीलाही हाच नियम लावावा.

कोंबडीखत विकत घेतल्यावर ते थेट सरीत न टाकता उंचवट्यावर, विहीर, बोअर व ओढ्यापासून दूर, साधारण दीड मीटर उंचीची लांब रास करून कुजवावे. ओल तपासण्यासाठी मूठभर खत दाबून पाहावे. हात ओला व्हावा, पाणी गळू नये. फार ओले असल्यास पाचट, तूस किंवा कोरडा पाला मिसळावा. लांब दांड्याचा तापमापक राशीच्या पोटात खुपसून रोज वाचन घ्यावे आणि तापमान ५५ अंशांच्या वर किमान पंधरा दिवस टिकावे, तेवढ्या काळात रास पाच वेळा पलटावी. पलटताना कडेचे खत आत आणि आतले बाहेर गेले पाहिजे. नुसते वरखाली केल्यास कडेचे जिवाणू जसेच्या तसे राहतात. रास ताडपत्रीने झाकावी आणि भोवती मातीचा बांध घालावा, म्हणजे पहिल्याच जोराच्या पावसात काळे पाणी वाहून जाणार नाही. या कामाला मजूर लागतात आणि जागा अडते, ही शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे. गटाने एकत्र रास लावल्यास जेसीबीने पलटण्याचा खर्च वाटला जातो.

एवढे करणे शक्य नसेल, तर निदान पिकाची निवड तरी विचारपूर्वक करावी. कच्चे खत ऊस, कापूस, चारा अशा पिकांना टाकून मातीत गाडावे. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना देऊ नये. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चे खत मातीत मिसळणे आणि काढणी यांत मातीला टेकणाऱ्या पिकांसाठी १२० दिवस व इतर पिकांसाठी ९० दिवसांचे अंतर सांगितले आहे. आपल्याकडे महिना-सव्वा महिन्यात निघणाऱ्या पालेभाजीत ते अंतर बसूच शकत नाही. जीवामृत करणाऱ्यांनी उपचार चालू असलेल्या जनावराचे शेण व गोमूत्र घेऊ नये आणि जीवामृत मातीतूनच द्यावे. गूळ-बेसनाच्या द्रावणात चार दिवस मुरले म्हणून आतड्यातले जिवाणू मेले, असे धरून चालू नये.

पाण्याबाबत थोडक्यात सांगता येईल. शहराच्या खालच्या अंगाला नदीत किंवा नाल्यात जे पाणी येते, त्यात घरांबरोबर रुग्णालयांचेही सांडपाणी मिसळलेले असते. मुळा-मुठेचे पाणी उचलणारी पुरंदर उपसा योजना हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. असे पाणी तुषार सिंचनाने पालेभाजीवर मारू नये. आच्छादनाखालून ठिबकने द्यावे किंवा फुलझाडे, चारा व फळबागांसाठी वापरावे. बाजारात नेण्यापूर्वी कोथिंबिरीच्या जुड्या टवटवीत दिसाव्यात म्हणून नाल्यात बुडवून काढण्याची सवय मोडावी. भाजी धुण्याची व पिण्याची विहीर असेल, तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची मात्रा विचारून घ्यावी आणि ओटी टेस्टने (पाण्यातील क्लोरीनच्या रंग चाचणीने) क्लोरीन उरला आहे की नाही, ते पाहावे.

डाळिंब बागायतदारांनाही एक गोष्ट सांगणे भाग आहे. मृग बहारात तेल्या या जिवाणूजन्य रोगासाठी फवारली जाणारी स्ट्रेप्टोसायक्लिन ही पुडी म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण असते. हृदयाच्या झडपेवरील एंटेरोकोकसच्या संसर्गात अँपिसिलिनच्या जोडीला जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन द्यावे लागते, म्हणून बागेत हे औषध ओतणे योग्य नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये या मिश्रणावरील बंदीचा मसुदा काढला होता. तेल्याचा जोर असलेल्या भागात पावसाळी बहार टाळून हस्त बहार धरावा, रोगट फांद्या छाटून जाळाव्यात आणि फवारणीबाबत सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

घरातील कोणी बरेच दिवस अतिदक्षता विभागात राहून परतले असेल, तर त्यांच्या आतड्यात प्रतिरोधक एंटेरोकोकस काही महिने कोणत्याही लक्षणाविना राहू शकतात. त्यांना वेगळे ठेवण्याची गरज नाही. शौचानंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत, लघवीची नळी हाताळणाऱ्याने त्यानंतर लगेच धारेला बसू नये आणि गोठ्यातील उरलेले औषध माणसाला कधीही देऊ नये. रुग्णालयात दाखल होताना आपला दूधधंदा किंवा पोल्ट्री असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शेवटी नमुन्याविषयी. एखाद्या गाईची दगडी दोनदा उलटली, तर तिसरे औषध देण्यापूर्वी दूध तपासणीला पाठवावे. प्रतिजैविक दिल्यानंतर घेतलेल्या नमुन्यातून बहुधा काहीच वाढत नाही आणि पैसे फुकट जातात. सड धुऊन कोरडा करावा, त्याचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, पहिल्या तीन-चार धारा सोडून द्याव्यात आणि निर्जंतुक बाटली आडवी धरून तिच्यात थोडे दूध घ्यावे, म्हणजे कासेवरची घाण आत पडत नाही. बाटलीवर गाईचा बिल्ला क्रमांक, सड आणि तारीख लिहून ती बर्फात ठेवावी व चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या पशुरोग प्रयोगशाळेत किंवा पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभागात पोहोचवावी. अर्जावर ‘जिवाणू संवर्धन व प्रतिजैविक संवेदनशीलता चाचणी’ असे स्पष्ट लिहावे, कारण तसे न लिहिल्यास जिवाणूचे फक्त नाव कळते, कोणते औषध चालेल ते कळत नाही.