श्रवणदोषाच्या जीन थेरपीत यायचंय? आधी बेरा वाचायला शिका

मी मूळची ऑडिओलॉजीची (श्रवणशास्त्राची), नंतर जनुकशास्त्राकडे वळले. या क्षेत्रात यायचं म्हणणारे बहुतेक जण पहिल्यांदा जनुक पेशीत पोचवणाऱ्या विषाणूंबद्दल विचारतात. मी त्यांना बेरापाशी नेते, म्हणजे आवाज ऐकवून कानाकडून मेंदूकडे जाणारे विद्युत संकेत आलेखावर टिपणाऱ्या चाचणीपाशी.

इंटर्नशिपमध्ये दीड वर्षाचं एक बाळ आलं होतं. जन्मल्यावर ओएई (आवाजाला आतला कान देतो तो प्रतिध्वनी मोजणारी चाचणी) 'पास' झाली, म्हणून एका दवाखान्यानं 'ऐकू येतंय, बोलेल उशिरा' असं सांगून घरी पाठवलेलं. आई सांगत होती, मागे ताट पडलं तरी वळत नाही. बाळाला झोपवून बेरा केली. ९० डेसिबललाही पाचवी लाट, म्हणजे निरोप मेंदूकडे पोचल्याची खूण, नाही. सुरुवातीला एक लहर दिसत होती, पण क्लिकची (ऐकवलेल्या टक् आवाजाची) पोलॅरिटी, म्हणजे दाबाची दिशा, बदलली की तीही उलटी व्हायची. म्हणजे ती मज्जातंतूची नव्हतीच, आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशींची होती. ओएई पुन्हा केली, स्वच्छ आली. ही ऑडिटरी न्यूरोपथी: आवाज टिपला जातो, पण निरोप मज्जातंतूतून नीट पुढे जात नाही. नुसत्या ओएईवर विसंबलं की अशी मुलं निसटतात, याची मला आजही चीड येते.

अशा मुलांपैकी काहींच्या ओटीओएफ जनुकात दोष असतो. आतल्या केसपेशीनं आवाज टिपल्यावर मज्जातंतूकडे रसायन सोडायचं असतं, त्यासाठी ओटोफर्लिन हे प्रथिन लागतं. ते नसलं तर पेशी जिवंत राहूनही निरोप पुढे जात नाही. पेशी शाबूत असतात, म्हणूनच जीन थेरपीला पहिलं यश इथे मिळालं. अडचण आकाराची होती. या जनुकाचा मजकूर साधारण ६,००० अक्षरांचा आणि जनुक वाहून नेणाऱ्या एएव्ही विषाणूत मावतात जेमतेम ४,७००. म्हणून जनुकाचे दोन तुकडे दोन विषाणूंतून कानात सोडतात आणि ते पेशीत जोडले जातात. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात ६ मुलांच्या एकेका कानात हे केलं, ५ जणांना ऐकू येऊ लागलं. तो निबंध जानेवारी २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला.

पालक ही बातमी घेऊन तुमच्याकडे येतील. आपल्याकडे जन्मजात बहिरेपणात जीजेबी२ या दुसऱ्या जनुकाचे दोष जास्त सापडतात, आणि जीन थेरपीचं काम अजून तिथवर पोचलेलं नाही. वयामुळे किंवा गोंगाटानं केसपेशी मेल्या असतील तर जनुक पोचवायचं कुठे? आणि थेरपीची वाट बघत कॉक्लिअर इम्प्लांट (मज्जातंतूला थेट विद्युत संकेत देणारं, कानात बसवायचं यंत्र) लांबवू देऊ नका. भाषा शिकायची ती वर्षं परत येत नाहीत.

शिक्षणाचं म्हणाल तर बारावी विज्ञाननंतर इंटर्नशिप धरून चार वर्षांचं बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा या विषयांतली पदवी) हा एक रस्ता, बायोटेक्नॉलॉजी हा दुसरा. मुंबईतली अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची 'आयिश' (अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था) या ऑडिओलॉजीच्या जुन्या जागा.

प्रयोगशाळेत हात बसायला वेळ लागतो. उंदराच्या चार-पाच दिवसांच्या पिल्लाचा कॉकलिया, म्हणजे आतल्या कानातला शंख, बारीक चिमट्यांनी सोलायचा असतो. हाड अजून मऊ असतं, पण आतली केसपेशींची पट्टी जरा ओढली की फाटते. मला नीट अखंड पट्टी निघायला तीन महिने लागले. ती रंगवून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की आतल्या केसपेशींची एक ओळ आणि बाहेरच्यांच्या तीन ओळी दिसतात.

थेरपी लागू पडली का, हे मात्र बेराच सांगते. भूल दिलेल्या उंदराला तीन सुया लावायच्या, एक डोक्यावर, एक कानामागे, एक पाठीकडे. मला लॅबमध्ये घेतलं ते बेरा वाचता येते म्हणूनच. लॅबच्या अर्जासोबत स्वतः केलेल्या बेराचा एखादा कच्चा आलेख आणि त्यातून काय वाचलं ते जोडा. बाळाची ओळख पटेल असं काही मात्र त्यावर राहू देऊ नका.