तट्टाला लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराला येणारी वेदनादायक सूज) झाल्यास
लग्नसराईत वरातीच्या तट्टाला लाडाने हरभरा-गूळ जास्त चारला जातो आणि मग नागपुरातल्या एखाद्या तबेल्यात ते सकाळी पुढचे पाय ताणून, सारा भार मागे टाकून उभे दिसते. खूर गरम लागतो आणि त्याच्या वरच्या सांध्यामागे बोट ठेवल्यास नाडी ठळक उडते. चालवल्याने पाय मोकळे होतात हा समज घातकच आहे, म्हणून त्याला जागेवरच ठेवावे. पशुवैद्यांना तातडीने बोलवावे आणि ते येईपर्यंत खूर बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवावेत. दाण्याचा खुराक पूर्ण थांबवून, २०० किलोच्या तट्टाला दिवसाला सुमारे ३ किलो वाळलेले गवत तासभर भिजवून, ते पाणी फेकून घालावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जास्त वेळ भिजवलेले गवत आंबते. पायाखाली लाकडी भुशाचा जाड थर पसरावा.