ग्रॅनोला बारचा डब्यात चुरा होतो?

मधावर बांधलेले बार मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसांत चिकट होतात, लोकलमध्ये बॅगेत मोडतात ते वेगळंच. त्यापेक्षा चिक्कीचा गूळ घ्या.

1. दोन वाट्या ओट्स आणि वाटीभर बदाम-शेंगदाण्याचे तुकडे मंद आचेवर कोरडेच खमंग भाजा.
2. पाऊण वाटी गूळ चमचाभर तुपात वितळवा. थेंब गार पाण्यात टाकल्यावर बोटांत घट्ट गोळी वळली की गॅस बंद.
3. लगेच सगळं कालवा, मनुका आणि सुक्या अंजिराचे तुकडे शेवटी.
4. तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने जोर लावून दाबा. खरी मेख इथेच आहे. कोमट असतानाच सुरी फिरवा.

ताजं फळ मात्र घालू नका, बुरशी येते.