ऑर्गॅनोमेटॅलिकमधून पर्यावरण रसायनशास्त्राकडे वळायचं असेल तर

माझी पीएच.डी. पॅलेडियमच्या ऑर्गॅनोमेटॅलिक, म्हणजे धातू-कार्बन बंध असलेल्या, संयुगांवर झाली आणि आता मी खाड्यांच्या गाळातला पारा मोजते. एम.एस्सी.ची मुलं विचारतात, मग आधी शिकलेलं वाया गेलं का? उलट, तेच रोज कामाला येतं. दोन्ही विषय धरून संशोधन करायची इच्छा असेल त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिल्यापासून दोन्ही विषय एकत्र वाचा. मिनामाताचंच घ्या. जपानमधल्या या गावात १९५६ साली विषबाधेचा आजार उघडकीस आला. चिस्सो कंपनी तिथे ॲसिटिलीनपासून ॲसिटाल्डिहाइड बनवत असे आणि उत्प्रेरक होता मर्क्युरी सल्फेट. अभिक्रिया चालू असतानाच थोडी मिथाइल मर्क्युरी (पाऱ्याला मिथाइल गट जोडलेलं विषारी संयुग) तयार व्हायची, सांडपाण्यातून समुद्रात जायची आणि माशांवाटे माणसांच्या पोटात. आपण परीक्षेसाठी पाठ करतो ती अल्काइनच्या हायड्रेशनची, म्हणजे त्याला पाणी जोडण्याची, अभिक्रिया हीच. खाडीच्या गाळात तर कारखानाही लागत नाही. ऑक्सिजन नसलेल्या थरातले काही जिवाणू पाऱ्याला मिथाइल जोडतात, आणि तो मिथाइल येतो व्हिटॅमिन बी-१२ च्या कुळातल्या रेणूवरच्या कोबाल्टकडून. कोबाल्ट-कार्बन बंध ज्याने अभ्यासलाय त्याला हे लगेच उमगतं. म्हणूनच ‘पारा किती?’ एवढ्यावर थांबू नका, ‘कोणत्या रूपात?’ हेही विचारा. या क्षेत्रात आपली खरी ताकद तीच आहे.

नेट-जेआरएफ किंवा गेट झाल्यावर गाइड निवडताना पेपरांची यादी बघाच, पण लॅबमध्ये जाऊन सीनियर मुलांशीही बोला. ग्लोव्हबॉक्सची (हवा न लागू देता काम करायच्या बंद पेटीची) देखभाल कोण करतं, एनएमआरला (रेणूची रचना दाखवणाऱ्या यंत्राला) नंबर कधी लागतो, हे त्यांनाच माहीत असतं.

मग श्लेंक लाइनवर, म्हणजे हवा टाळण्यासाठी व्हॅक्यूम आणि नायट्रोजन आलटून-पालटून देणाऱ्या काचेच्या जोडणीवर, हात बसवा. काचसामान रात्रभर ओव्हनमध्ये ठेवा, गरम असतानाच लाइनला जोडा, आणि तीनदा व्हॅक्यूम, तीनदा नायट्रोजन द्या. पंपाआधीच्या, द्रव नायट्रोजनने गार केलेल्या ट्रॅपमध्ये फिकट निळा द्रव दिसला तर तो ऑक्सिजन समजा, म्हणजे स्फोटाचा धोका. ड्युअर (द्रव नायट्रोजनचं थर्मासारखं भांडं) हलवू नका, पंप चालू ठेवा, हूडची काच खाली ओढा, सगळ्यांना बाहेर काढा आणि गाइडना बोलवा.

हाच हात पुढे कामाला येतो. मिथाइल मर्क्युरी मोजताना नमुना सोडियम टेट्राएथिलबोरेटने एथिलेट करतात, म्हणजे ती बाष्पनशील होते आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने वेगळी काढता येते. हा अभिकर्मक हवेत पेट घेऊ शकतो. म्हणून बाटली निष्क्रिय वायूत उघडा, बर्फगार पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळवा, लगेच छोट्या कुप्यांत भरून गोठवा आणि लागेल तशी एकेक काढा. द्रावण पिवळं पडलं की टाकून द्यायचं. कितीही महाग असलं तरी.

डायमिथाइल मर्क्युरी मात्र मागवूच नका. १९९६ च्या ऑगस्टमध्ये डार्टमथ कॉलेजच्या कॅरन वेटरहान यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर तिचे काही थेंब पडले. हातमोजा फाटला नव्हता, तरी जून १९९७ मध्ये त्या गेल्या. पारा-एनएमआरसाठी संदर्भ म्हणून त्यांनी ती घेतली होती. त्या कामाला दुसरे संदर्भ उपलब्ध आहेत.

नवीन शिकावं लागतं ते ब्लँकचं, म्हणजे नमुन्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी तपासण्याचं, महत्त्व. सिंथेसिसमध्ये सत्तर टक्के उतारा (यील्ड) आला की आपण खूश. इथे लिटरमागे नॅनोग्रॅमचा हिशोब, त्यामुळे बाटलीला चिकटलेली धूळही निकाल बदलते. बाटल्या ॲसिडने धुऊन दुहेरी पिशवीत ठेवा. बाटल्या साध्या पॉलिथिनच्या नकोत, त्यातून पाऱ्याची वाफ आरपार जाते. काच किंवा टेफ्लॉन घ्या. नमुना घेताना दोघं हवेत: एकाने फक्त आतल्या पिशवीला आणि बाटलीला हात लावायचा, बाकी सगळं दुसऱ्याने. शुद्ध पाण्याची एक बाटली सोबत न्या, तिथेच उघडा, बंद करा आणि नमुन्यांबरोबर तपासा.

प्रत्येक बॅचमध्ये प्रमाणित संदर्भ पदार्थ, म्हणजे ज्यातलं प्रमाण आधीच पक्कं ठाऊक आहे असा नमुना, चालवा. माशांसाठी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलची डॉर्म मालिका आहे. दोनापावलाच्या एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) किंवा नागपूरच्या नीरीत (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) अर्ज कराल तेव्हा संयुगांच्या स्पेक्ट्रांसोबत ब्लँक आणि संदर्भ पदार्थाचे आकडेही जोडा.