‘देव समोर का येत नाही?’ या प्रश्नावर अभ्यासवर्ग कसा घ्यावा

देव आहे, तर तो सरळ समोर येऊन तसं सांगत का नाही? सत्संग असो, चर्चमधलं तरुणांचं मंडळ असो, नाहीतर कॉलेजचा अभ्यासगट, हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. बहुतेक ठिकाणी वर्ग घेणारा दोन मिनिटांत ठरलेलं उत्तर देतो, बाकीचे माना डोलावतात आणि विचारणारा पुन्हा तोंड उघडत नाही. त्याचं समाधान झालेलं नसतं, त्याने फक्त विचारणं सोडलेलं असतं. या प्रश्नाला सलग दोन तास द्यायला हवेत. ते कसे द्यायचे, ते इथे सांगतो.

तयारी

माणसं ८ ते १२ असावीत. १५च्या वर गेली की तिघे-चौघेच बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात, तेव्हा सरळ दोन गट करावेत. फळा, कोऱ्या चिठ्ठ्या आणि प्रत्येकाच्या हातात एक छापील पान, एवढं सामान पुरतं. पानावर पाच उतारे घ्या: गीतेतले ७.२५ आणि ११.४५ हे दोन श्लोक, महाभारताच्या उद्योगपर्वात कृष्ण कौरवसभेत विश्वरूप दाखवतो तो प्रसंग, बायबलमधल्या निर्गम पुस्तकातली सीनाय पर्वताची हकिकत (अध्याय १९, २० आणि ३२), कुराणातली ६.१११ ही आयत आणि सांख्य दर्शनातलं सांख्यसूत्र १.९२. लांब उतारे थोडक्यात मांडा. श्लोकांचा आणि आयतीचा अर्थ मात्र छापील भाषांतरातूनच उतरवून घ्या. आपल्या शब्दांत अर्थ लिहायला गेलं की आपल्याला हवं ते उत्तर त्यात नकळत शिरतं.

वर्ग घेणाऱ्याने स्वतःचं मत झाकून ठेवायची गरज नाही. ते शेवटच्या पंधरा मिनिटांत सांगावं, आधी नको.

पहिली पंधरा मिनिटं: प्रश्न वेगळे करा

प्रत्येकाला हाच प्रश्न स्वतःच्या शब्दांत चिठ्ठीवर लिहायला सांगा, नाव न घालता. चिठ्ठ्या गोळा करून मोठ्याने वाचा आणि तीन गड्डे करा. पहिल्या गड्ड्यात तर्काचा प्रश्न: पुरावा इतका थोडा का? दुसऱ्यात दुखाचा: मी हाक मारली तेव्हा तो का आला नाही? तिसऱ्यात तुलनेचा: त्यांना दिसला मग मला का नाही, किंवा एका देशात सगळे मानतात आणि दुसऱ्यात कोणीच का मानत नाही?

हे गड्डे करणं टाळू नका. वर्ग फसतो तो बहुधा इथेच. दुसऱ्या गड्ड्यातल्या माणसाला पहिल्या गड्ड्याचं उत्तर मिळतं आणि तो दुखावून जातो. दुसऱ्या गड्ड्याच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवा, त्यांच्याकडे शेवटी वळायचं आहे.

आक्षेप पूर्ण ताकदीने मांडा

कॅनडाचे तत्त्वज्ञ जे. एल. शेलेनबर्ग यांनी १९९३ साली हा आक्षेप जसा बांधला, तितका नेटका तो त्याआधी कोणी बांधला नव्हता. फळ्यावर चार वाक्यांत लिहा. परिपूर्ण प्रेम करणारा देव असेल, तर त्याच्याशी नातं जोडू शकणाऱ्या प्रत्येकासाठी तो सदैव खुला असेल. नातं जोडायचं तर तो आहे हे आधी पटलेलं असायला हवं, म्हणजे ज्याने मन बंद केलेलं नाही असा कोणीही अश्रद्ध राहणार नाही. पण मन उघडं ठेवूनही ज्यांना पटलेलं नाही अशी माणसं आहेत. म्हणून असा देव नाही.

हा आक्षेप समजावून सांगायचं काम गटातल्या सर्वांत श्रद्धाळू माणसाकडे द्या. दुबळा करून मांडला तर बाकीच्यांनी त्याला थांबवायचं. यात दहा मिनिटं जातात, पण त्यानंतर श्रद्धाळू माणूस समोरच्याला ‘तुमचं मनच बंद आहे’ असं सहजासहजी म्हणत नाही.

दिसत नाही म्हणजे नाही का?

आता ‘न्याय’ या आपल्या तर्कपरंपरेतलं एक हत्यार हातात घ्या: योग्यानुपलब्धी, म्हणजे दिसण्याजोगी वस्तू न दिसणं. टेबलावर घागर नाही हे आपण खात्रीने म्हणतो, कारण घागर दिसण्याजोगी वस्तू आहे, उजेड आहे, डोळे धड आहेत. असती तर दिसलीच असती. ज्या वस्तूबद्दल ‘असती तर दिसलीच असती’ असं म्हणता येत नाही, ती न दिसण्यावरून काहीच ठरत नाही. याच परंपरेतल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथात नेमका हाच मुद्दा वापरून ‘ईश्वर दिसत नाही म्हणून नाही’ हा युक्तिवाद परतवला.

गटाला विचारा: देव ‘असता तर दिसलाच असता’ या जातीचा आहे का? इथे अर्धा तास रेंगाळलात तरी चालेल, सगळ्या प्रश्नाचा गाभा हाच आहे. दोन गोष्टींवर मात्र लक्ष ठेवा. एक, श्रद्धाळू मंडळी या हत्याराने खूश होऊन तिथेच थांबतात. पण त्याने ‘नाही’ हे सिद्ध होत नाही, एवढंच कळतं; ‘आहे’ हे काही सिद्ध होत नाही. उदयनही तिथे थांबले नव्हते, त्यांनी ईश्वरासाठी स्वतंत्र अनुमानं मांडली. दोन, शेलेनबर्ग यांचा आक्षेप डोळ्यांना दिसण्याबद्दल नाहीच. प्रेम करणारा देव स्वतःला कळण्याजोगा करील, असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणजे निर्गुण ब्रह्मापुढे हा आक्षेप बोथट होतो, आणि भक्ताला कडेवर घेणाऱ्या विठोबापुढे तो सर्वांत धारदार असतो. वारकऱ्यांच्या गटात हे स्पष्ट बोलून दाखवा.

कोणता पुरावा चालेल, ते लिहून घ्या

प्रत्येकाने पाच मिनिटांत लिहायचं: काय घडलं तर मी मानेन, कुठे, कोणासमोर, किती वेळा. ‘काहीतरी मोठं’ असं लिहिलेलं परत द्या. आकाशात अक्षरं उमटली तर, असं लिहिणारा एक तरी निघतोच. त्याला लिपी विचारा: देवनागरी, अरबी की हिब्रू?

मग प्रत्येक पुराव्याला तीन प्रश्न लावा. याचा दुसरा काही खुलासा निघू शकतो का? ५०० वर्षांनी जन्मलेल्याला याचा काय उपयोग? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नेमकं काय वेगळं कराल?

पहिल्या प्रश्नासाठी २१ सप्टेंबर १९९५ची आठवण काढा, गणपती दूध पिऊ लागल्याची बातमी देशभर पसरली तो दिवस. चमचा काठोकाठ भरून सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध खेचलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली उतरतं. पांढऱ्या मूर्तीवर ते दिसत नाही. दुधात हळद घातली तर ओघळ दिसतो. तिसऱ्या प्रश्नासाठी पानावरचे उतारे काढा. सीनायवर गडगडाट, धूर आणि प्रत्यक्ष आवाज ऐकलेले लोक, त्यांचा नेता मोशे ४० दिवस वर राहिला तेवढ्यात पूजेसाठी सोन्याचं वासरू ओतून मोकळे झाले. कौरवसभेत विश्वरूप पाहून राजांनी भीतीने डोळे मिटले, भीष्म, द्रोण, विदुर यांना दिव्यदृष्टी मिळाली, आणि दुर्योधन होता तसाच राहिला. कुराणातली आयतही तेच सांगते: देवदूत उतरले, मेलेले बोलले, तरी हे मानणार नाहीत, अल्लाहची इच्छा असल्याशिवाय.

आपल्याकडची नामदेवांची आख्यायिका इथे जरूर सांगा. विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो, ज्यांच्या हातचं खातो, त्या नामदेवांना गोरोबाकाकांनी थापटणं मारून ‘मडकं कच्चं आहे’ म्हटलं. पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांनी त्यांना मार्ग दाखवला. रोज दर्शन घडणाऱ्या माणसालाही आणखी काही शिकायचं उरलं होतं, असं परंपरा स्वतःच सांगते.

उत्तरं, आणि ती कुठे तुटतात

सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर स्वातंत्र्याचं आहे: देव ढळढळीत दिसला तर माणूस धाकाने वागेल, त्याची निवड खरी राहणार नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन हिक यांनी हे चांगलं मांडलं आहे. माणूस स्वतःहून घडावा म्हणून देवाने जाणिवेचं अंतर राखलं, म्हणजे स्वतःला सहज कळू दिलं नाही, असं ते म्हणतात. गीता ११.४५ मधला, विश्वरूप पाहून घाबरलेला अर्जुन या उत्तराच्या बाजूने उभा राहतो.

पण आता मागच्या भागातला दुर्योधन आठवा. त्याने पाहिलं आणि तरी हवं तेच केलं. इस्लामी परंपरेतला इब्लीस (सैतान) तर थेट अल्लाहशी बोलतो आणि तरीही आज्ञा मोडतो. पुरावा मिळूनही माणूस बदलत नाही हे खरं असेल, तर पुराव्याने स्वातंत्र्य जातं हे खोटं ठरतं. ही दोन उत्तरं एकाच दमात देता येत नाहीत, आणि बहुतेक प्रवचनांत ती एकापाठोपाठ एक दिली जातात. गटाला निवड करायला लावा. कोणी म्हणेल, काहींचं स्वातंत्र्य जाईल, काहींचं नाही. उत्तर वाईट नाही. मग विचारा, ज्यांचं जाणार नाही त्यांच्यापासून लपायचं कारण काय?

दुसरं उत्तर अधिकाराचं, म्हणजे पाहणाऱ्याच्या पात्रतेचं. गीता ७.२५ म्हणते, योगमायेने झाकलेला मी सर्वांना प्रकट नसतो. मन शुद्ध झालं की दिसेल. हे उत्तर मन लावून शोधणाऱ्या, साध्या-सरळ माणसापाशी अडतं. इथे पुनर्जन्म मानणाऱ्यांच्या हाती एक जास्तीची सोय आहे: या जन्मी नाही म्हणजे कधीच नाही, असं होत नाही. शेलेनबर्ग यांच्या पहिल्या वाक्यातला ‘सदैव’ हा शब्द फळ्यावर अधोरेखित करा आणि एवढा उशीर प्रेमात बसतो का, हे गटाला ठरवू द्या.

अद्वैताचं उत्तर थोडक्यात आटपा: देव ही समोर येणारी वस्तूच नाही, तो पाहणाराच आहे. त्यावर प्रश्न एकच, मग प्रार्थना कोणाला? तुलनेच्या चिठ्ठ्याही इथेच घ्या. सौदी अरेबिया (जवळपास सगळे देव मानणारे) आणि थायलंड (बहुसंख्य बौद्ध) यांतला फरक वैयक्तिक अधिकाराने समजावता येत नाही, कारण अख्ख्या देशाचं मन शुद्ध किंवा अशुद्ध नसतं.

आणि ‘देव नाही’ हेही एक उत्तर आहे, ते फळ्यावर लिहिलंच पाहिजे. ‘ईश्वरासिद्धेः’ (ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून) हे सांख्यसूत्र आपल्याच परंपरेतलं आहे. ते वाचलं की नास्तिक मुलाला आपण परके आहोत असं वाटत नाही.

दुखाच्या चिठ्ठ्या

या चिठ्ठ्यांवर युक्तिवाद करायचा नाही. ‘देव परीक्षा बघतोय’, ‘श्रद्धा कमी पडली’, ‘मागच्या जन्मीचं काही असेल’ ही वाक्यं त्या खोलीत उच्चारली जाणार नाहीत, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या. वाटल्यास बायबलमधल्या ईयोबाची, सगळं गमावून देवाला ‘का’ विचारणाऱ्या सज्जन माणसाची, गोष्ट सांगा: देव शेवटी वादळातून बोलतो, पण ईयोबाने विचारलेल्या ‘का’चं उत्तर देत नाही, आणि उपदेश करणाऱ्या मित्रांवरच रागावतो. संतांनी देवाशी केलेली भांडणंही इथे कामी येतात. देवाला जाब विचारणं म्हणजे श्रद्धा सोडणं नव्हे, हे त्यांतून कळतं. कोणी जगणं नको झाल्याचं बोललं तर चर्चा तिथेच थांबवा, त्या माणसाला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा आणि डॉक्टरांपर्यंत पोचवा.

लहान मुलांनी विचारलं तर

८ ते १२ वयाच्या मुलांना हा सगळा पसारा नको. आधी ‘तुला हे आज का विचारावंसं वाटलं?’ एवढंच विचारा. निम्म्या वेळा आजोबांचं आजारपण किंवा शाळेतलं काहीतरी बाहेर येतं, आणि मग बोलायचं ते त्याबद्दल. नुसतं कुतूहल असेल तर खरं सांगा: काही लोक मानतात तो आहे, काही मानत नाहीत, मला असं वाटतं, आणि या कारणाने वाटतं. ‘वाईट वागलास म्हणून दिसत नाही’ असं मुलांना कधीही सांगू नका. वात्रट मूल ते विसरून जातं, गुणी मूल मात्र मनाला लावून घेतं.